हात लागला तो हत्ती

स्कारबरोत, मेथडिस्ट चर्चच्या मागच्या हॉलमध्ये,
एकतिसाव्या खेळीला
माझा हात उंटाकडे निघाला होता.
पोचला हत्तीवर.

एवढंच झालं.
डोक्यात डाव बरोबर होता. डोकं अजूनही
दोन खेळ्या आधी पोचतं, आणि तिथं बाकावर बसून
हाताची वाट बघतं.

हात लागला की खेळायचं.
हा नियम याच हॉलमध्ये मी
किती जणांना ऐकवला असेल, ओठांत हसून:
टॅक्सीवाल्या डेरेक प्रॉक्टरला, दोन दंतवैद्यांना,
एका पाद्र्याला, ज्यानं नंतर क्लबच सोडला.
समोर इमोजेन सग्डेन. वय चौदा. दातांना तार,
स्वेटरच्या बाहीला बापाच्या दुकानातल्या
तळलेल्या माशांचा वास.
ती काही बोलली नाही.
फक्त नजर पटावरून काढली
आणि खिडकीतल्या सीगलवर ठेवली,
म्हाताऱ्याचा कासोटा सुटला
की घरातली शहाणी मुलगी
दुसरीकडे बघते, तशी.

हत्तीला इथं किल्ला म्हणतात, उंटाला बिशप.
त्रेपन्न वर्षं झाली, मी मनात अजून
हत्तीच सरळ सोडतो, उंटच तिरका घालतो.
मिरज स्टेशनात, पार्सल ऑफिसातल्या खोक्यावर
मामानं शिकवलेला घोडा
अडीच घरं चालतो. हे अडीच
इथं कुणाला समजावता आलं नाही.
दोन आणि एक, ते म्हणतात. तीन.
मला तर सगळे डाव
त्या अर्ध्या घरानं दिले.

राजा आडवा केला. तिचा हात हातात घेतला, गार.
टाळ्या झाल्या, त्या मलाच जास्त,
आणि तेव्हा कळलं.
जिंकताना इतक्या कधी वाजल्या नव्हत्या.

चषक परत करायचा. अकरा वर्षं कपाटावर होता,
आत पार्किंगची सुटी नाणी, एक खोडरबर,
सुलभाच्या गुडघ्याच्या गोळ्यांची जुनी चिठ्ठी.
बाहेर अकरा ओळी माझ्या नावाच्या,
आणि तीन तऱ्हांनी कोरलेलं तगारे.
सुलभानं तो रांगोळीनं घासला.
"लख्ख झाला," म्हणाली, "आधी का नाही घासला आपण?"

मग सेक्रेटरी ब्रेथवेटला पत्र लिहायला घेतलं.
इंग्रजीत डाव सोडणं आणि पद सोडणं
एकाच शब्दात भागतं. काटकसरी भाषा.
"वयोमानानुसार" असं मनात मराठीत जुळवलं, खोडलं.
"प्रकृतीच्या कारणास्तव" म्हणून बघितलं.
सुलभा चष्म्यावरून म्हणाली,
"कुणाच्या प्रकृतीच्या? रविवारी सहा पुरणपोळ्या खाल्ल्यात."

रात्री अंधारात तोच डाव उंटानं खेळलो.
जिंकलो. पुन्हा खेळलो. जिंकलो.
तिसऱ्यांदा, झोप येईना म्हणून,
तिच्या बाजूनं बसलो.
आणि तिला एक प्यादं सापडलं.
हत्तीपुढचं. एक घर. साधं.
म्हणजे हात उंटावर पडला असता, तरी...

उठलो. दिवा लावला. पट मांडला.
तीन वाजले होते. खाली समुद्र
कुणाच्या तरी पायऱ्या धूत बसला होता.
टेबल डुगडुगत होतं,
ब्रेथवेटच्या पत्राची चौघडी घालून
पायाखाली सारली.
सारलं ते प्यादं. पुन्हा मागे घेतलं. पुन्हा सारलं.
पोरीला हे दिसलं होतं का?
का तिच्याही डोक्याची वाट बघत
हात बसला होता?

गुरुवारी चषक द्यायला जायचंय.
विचारीन. फक्त एवढंच विचारीन.
चषकातली नाणी काढून खिशात घातलीत,
हॉलबाहेर पार्किंगला तासाला दीड पौंड पडतो.
किती तासांचे घालायचे,
ते अजून ठरलेलं नाही.