मीटरच्या फळीवर

बत्तीस वर्षं खांबावर चढलो.
रिटायर झालो तसे डॉक्टर म्हणाले, गुडघे संपले,
आता ओट्याची पायरीसुद्धा मोजून चढा.
म्हणून खाली बसलो.
खाली बसून काय करायचं असतं
हे खात्यानं शिकवलं नव्हतं.

नातीचा डबा इथेच राहिला होता,
बारा ट्यूबा, त्यातली पांढरी पार पिळून संपलेली,
दोन ब्रश, एकाचे केस सुगरणीच्या मोडक्या खोप्यासारखे.
घाटंजीच्या बाजारातून पांढरी आणली.
दुकानदारानं विचारलं, पोट्ट्यायसाठी का, बाबूजी?
मी हो म्हणालो.
साठीनंतरची पहिली थाप.

कॅनव्हास कोण आणतो!
माळ्यावर जुन्या मीटरच्या फळ्या होत्या, सागाच्या,
साहेबांनी भंगारात काढलेल्या.
घासल्या, पुसल्या, पांढरा हात दिला.
फ्यूज बसायचा तिथली चार भोकं मात्र बुजली नाहीत.
माझ्या प्रत्येक आभाळाला चार भोकं आहेत.

मे महिन्यात आमच्याकडे रंग ताटलीतच वाळतो.
ब्रश उचलेस्तोवर निळ्याची पापडी.
ओलं फडकं झाकायचं, बोटांनी पाणी शिंपडायचं,
कुरड्यांची राखण असते तशीच ही राखण, फक्त उलटी:
वाळू नये म्हणून बसायचं.

पहिलं काढलं ते आमचंच वावर.
ट्यूबमधला काळा सरळ फासला.
बेबीनंदा मागे येऊन उभी राहिली.
"हे वावर हाय का डांबर?"
मग गेली, आणि ओच्यात एक ढेकूळ घेऊन आली,
ताटलीशेजारी फोडलं.
"पाय बरं."
पाहिलं.
आत जांभळट, कडेला राख,
एका मुळाशी चक्क लाल.
ती हात झटकून चुलीकडे गेली.
भाकरीचं पीठही नंतर मी बराच वेळ पाहत बसलो.

आता गाव काढतो.
सुदाम टेलर म्हणतो, काका,
तुमच्या चित्रात माणसायले तोंडच नाही,
नुसते टकले न टोप्या.
काय करू, मी गाव वरूनच पाहिलंय.
कवेलूंच्या ओळी, टिनावर वाळणारी मिरची,
छपरावर फेकलेली चप्पल, फाटका पतंग,
मागच्या अंगणात बाजेवर एकटी रडणारी बाई
जिला वाटायचं, कुणी पाहत नाही.
ती तेवढी काढत नाही.

एकदा बेबीनंदानंच विचारलं,
"खांब हायत सारे. तारा कुठं गेल्या?"
मी म्हणालो, बारीक ब्रश नाही.

ब्रश आहे.
देवमन मडावी माझा हेल्पर होता.
पारव्याच्या फाट्यावर, लाइन बंद आहे, चढ,
असं मी त्याला सांगितलं. मला सबस्टेशननं सांगितलं.
सबस्टेशनला कुणी सांगितलं
ते चौकशीत निघालं नाही.

नात फोनवर शिकवते:
आबा, ॲक्रिलिकचं बरं असतं,
चुकलं तर वाळू द्यायचं, वरून दुसरा हात मारायचा,
खालचं काही दिसत नाही.
हो, म्हणतो.
तिनं अजून फळी उजेडाकडे तिरकी धरून पाहिलेली नाही.

काल संध्याकाळी लाइट गेली.
फळी घेऊन दारात आलो,
उरल्यासुरल्या उजेडात तुराटीच्या गंजीला पिवळा लावत होतो.
फोन वाजला.
अजूनही घराघरांत भिंतीवर खडूनं
माझाच नंबर लिहिलेला आहे.
"काका, लाइट कवा येईन?"
मले नाही माहीत बावा, म्हटलं.
थांब जरा,
पिवळा वाळून रायला.