पाऊण इंच

माझ्या वहीत माणसं नसतात, मापं असतात.
छाती, कंबर, बाही,
आणि कडेला, फक्त मला कळेल अशी खूण.

खोर अल-मिल्हच्या गोदीमागे माझं दुकान.
हर्णैहून आलो तेव्हा मिसरूड फुटलं नव्हतं;
आता सुईत दोरा ओवायला पोरगा लागतो.

वर्षातून दोनदा, रात्रीची, मोटार यायची.
काचांना पडदे.
देशाच्या बापाचा कोट.
त्याचा डावा खांदा पाऊण इंच उतरता,
हे ठाऊक असणारे आम्ही तिघेच :
तो, मी, आणि अस्तरातला कापूस.
चौकातल्या पुतळ्याचे खांदे मात्र ओळंब्यात.

दुऐज आला तो नव्या वर्दीची कंबर आत घ्यायला.
धुणं धुणाऱ्या वदहाचा मुलगा.
वदहा पूर्वी सरकारी बंगल्यावर चादरी धुवायची;
पुढचं गावाने आपापल्या पदरचं घातलं.
कागदावर बापाच्या रकान्यात ‘अब्दुल्ला’,
म्हणजे अल्लाचा कुणीतरी चाकर.
ज्याला कुणी नाही त्याला इकडे तेच लिहितात.
पलटणीत सगळ्यांना मिशा ठेवायचा हुकूम,
याला रोज सकाळी सफाचट करायचा.

मी फीत टाकली. डावीकडे पाऊण इंच.
पुन्हा टाकली.
“कापूस घालू?”
“कशाला? असाच आहे मी.”

फीत काही साक्षीदार नव्हे.
माझ्या इस्त्रीवाल्याचाही खांदा पडलाय, कोळशाच्या पोत्यांनी.
आकडा लिहिला, पान मुडपून ठेवलं.

तीन उन्हाळे तो गोदीच्या फाटकावर उभा राहिला,
त्या भल्या थोरल्या तसबिरीखाली, खजुराच्या बोटी मोजत.
लोक आधी वर बघत, मग त्याच्याकडे,
मग आपापल्या चपलांकडे.
वदहा गेली तेव्हा अर्ध्या दिवसाची रजा मिळाली.
कबरीवर पाणी शिंपडून
बाही ओली तशीच घेऊन तो पहाऱ्यावर आला.

मग लढाई.
आघाडीवर निघायच्या आदल्या रात्री
वर्दी गुंडाळून आला. म्हणाला, “आता घाल कापूस.”
बापासारखं दिसायचं होतं,
की पडल्यावर कुणी ओळखू नये म्हणून?
मी विचारलं नाही.
टाके घालताना एकदा हे वाटलं, एकदा ते.
शिलाई परत आल्यावर देतो म्हणाला.

वर्द्या परत आल्या, गोणींतून.
धुवायच्या, उसवायच्या, नव्या पोरांच्या मापाला आणायच्या.
सत्ताविसाव्या वर्दीच्या खांद्यात माझा टाका निघाला.
आत कापूस, मिठागरातल्या चिखलासारखा कडक.
रेडिओवर देशाचा बाप सांगत होता :
पडले ते सगळे माझेच मुलगे.
इस्त्रीवाल्याने आवाज वाढवला.
कमी करायची तेव्हा सोय नव्हती.

कापूस मी धुतला, पिंजला, उन्हात टाकला.

हिवाळ्यात मोटार आली.
फीत टाकली. खांदा सव्वा इंचावर गेलेला.
“काही फरक?”
“नाही हुजूर.”
दातांनी दोरा तोडला
आणि नव्या कोटाच्या डाव्या खांद्यात
कापूस भरला.
तो नवा नव्हता.