गळतीचा रकाना

फाईल एकशे चौदा पानांची.
मला फक्त झेरॉक्सला पाठवलं होतं,
पण डिचोलीच्या त्या दुकानात वीज गेली
आणि उभ्याउभ्या, काऊंटरला कोपर टेकून,
मी आमच्या पाण्याचं कर्ज
पहिल्यांदा वाचलं.

मुदत पंचवीस वर्षं.
पहिली पाच नुसतं व्याज.
तारण म्हणून सरकारची हमी,
परतफेड मीटरवरून,
म्हणजे बाई कळशी धरेल तेव्हा
जो काटा फिरेल, त्या काट्यानं.

मी चावीवाला. साडेचारला वरच्या वाड्याची चावी उघडायची,
सव्वासहाला आवळून खालच्याची.
माझी नोकरी संपते मार्चात.
मुद्दल फेडायला सुरुवात होईल
तेव्हा मी दुसऱ्या कुणाच्या तरी चावीची
वाट बघत बसलेला असेन, बादली घेऊन.

पान एकेचाळीस: बिनमहसुली पाणी, अडतीस टक्के.

त्या अडतीस टक्क्यांना मी नावानं ओळखतो.
रात्री दोनला रस्त्यावर सळी टेकायची,
वरचं टोक कानामागच्या हाडाला.
सांधा गळत असला की ऐकू येतं,
पेजेच्या टोपावरचं झाकण
थरथरतं ना, अगदी तसं.
देवळामागचं झाकण जाड आवाजाचं.
शाळेपाशी दोन, एकमेकांशी बोलणारी.
आणि पिएदादबायच्या कुंपणाखालचं, बारीक, न थांबणारं,
ज्यावर तिचे तांबड्या भाजीचे अकरा वाफे.

एकोणीस वर्षं मी नोंदवहीत लिहिलं,
'जमीन ओलसर'.
खोटं नव्हतं.

तिच्याकडे विहीर होती. सांजांवाला
फुलांची कोपेलं घालून पोरं त्यात उड्या मारायची.
पलीकडे खाणीचा खड्डा जसा खोल गेला
तसं पाणी पायरी पायरी उतरत गेलं,
मग पायऱ्याच संपल्या.
ते पाणी कुठल्या खात्याला नावे टाकलंय?
वीज येईपर्यंत पुढची सगळी पानं चाळली.
नव्हतं.

पावसाळा सरल्यावर काळ्या नळ्यांची वेटोळी येऊन पडली,
अंगावर निळी रेघ.
त्यांच्यासोबत फोंड्याची नवी अभियंता, निमिषा लोटलीकर,
बुटांना चिखल, हातात नकाशा.
कुंपणापाशी थांबून म्हणाली,
काका, इथं काही आहे का?

सळी माझ्या हातातच होती.

म्हटलं, थांबा जरा. आत गेलो.
पिएदादबाय भाजीच्या जुड्या बांधत होती, केळीच्या सोपटानं.
सांगितलं सगळं. सांधा बुजवणार, वाफे सुकणार.
तिनं मान वर केली नाही.
'घाल रे नवी पायप. वयर सुनेच्या घरांत
उदक चडना, न्हाणयेक तीं पोरां रडटात.'
मग गाठ मारून झाल्यावर,
'आनी म्हज्या वांट्याक रीण कितलें?'

एकशे चौदा पानांत हे कुठेच नव्हतं.
कोटींत होतं, टक्क्यांत होतं,
माणशी लिटरांत होतं.

बाहेर येऊन बोटानं दाखवलं, इथं.
लोटलीकरबाईंनी नकाशावर फुली मारली,
मला विचारलं नाही
की हे तुम्हाला कधीपासून ठाऊक.
विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आता सुनेच्या माडीवर पाणी चढतं,
चोवीस तास नाही, पण चढतं.
रात्री सवयीनं सळी टेकतो;
नवी नळी काही बोलत नाही.
पिएदादबायच्या फाटकाशी मीटर बसलाय.
ती नळ सोडते, काटा बघते, बंद करते,
पुन्हा सोडते.
अकरातले चार वाफे ठेवलेत,
तांब्यानं मोजून शिंपते.

बुधवारच्या बाजारात
तिची जुडी पंधराची वीस झालीय.
वरचे पाच म्हणजे व्याज असावं.
मी घासाघीस केली नाही.
दोन जुड्या घेतल्या.