एक घंटी

दाढ दुखायला लागली तेव्हा कपाशीची वेचणी सुरू होती.
आता तूरही घरात आली
आणि मी अजून लवंगेवरच आहे.

चोपडा–अमळनेर, दिवसाला चार फेऱ्या.
उजव्या गालात लवंग, डाव्या गालानं ‘पुढे सरका’.
भिकन तात्या आरशातून बघतात.
म्हणतात, ताई, गाडीचा खडखडाट मला कळतो,
तुमचा नाही कळत.

कळण्याची भाकरी दुधात कुस्करून खाते.
मळ्यातल्या भरीत पार्टीत
नुसती कांद्याची पात हुंगून आले.
दवाखाना डेपोपासून साडेतीनशे पावलं.
मोजलीत मी,
कारण तीनशे चाळिसाव्या पावलावरून
सहा वेळा परत आलेय.
एकदा घरी सांगितलं, कुलूप होतं.
एकदा खरंच होतं,
तेव्हा इतका आनंद झाला
की समोरच्या दुकानातून पावशेर जिलबी घेतली,
दाढेला विसरून.

लोक म्हणतात, एवढी बाई तू,
दारुड्याला कॉलर धरून खाली उतरवतेस,
तापीचा पूर दारातून वाकून बघतेस,
आणि सुईला भितेस?

सुईला नाही.
कसं सांगू.

धरणगावचा बाजार, मी आठ वर्षांची.
गोणपाटावर बसलेला माणूस,
समोर लाल फडक्यावर दातांची रास,
भुईमुगाच्या शेंगा मांडाव्यात तशी.
त्याची पकड चकचकीत होती, हेही आठवतं.
बापानं माझे दोन्ही हात मागून धरले.
मायेनंच धरले,
पोरगी लवकर सुटेल म्हणून.
दुखलं किती ते मी विसरले.
हात विसरले नाहीत.

परवा गुरुवारी
तीनशे एक्केचाळिसावं पाऊल पडलं.
धीर वगैरे काही नाही.
मागून एक बाई लेकराला कडेवर घेऊन जिना चढत होती,
जिना अरुंद,
वळताच आलं नाही.

डॉक्टर बडगुजर, माझ्या पुतणीएवढी पोर.
खुर्ची मागे झुकली, डोक्यावर दिवा आला,
माझी नखं रेक्झिनमध्ये रुतली.
तिनं ते बघितलं. मास्क खाली ओढला.
आणि माझ्या माहेरच्या बोलीत म्हणाली,
‘मावशी, डावा हात मोकळा ठेवजो.
दुखनं तं वर करजो. मी थांबसू.’

थांबसू.

अठरा वर्षं दोरी माझ्या हातात आहे.
एक घंटी थांब, दोन घंटी चल.
साठ माणसं, त्यांची गाठोडी, कोंबड्या, लग्नाचे आहेर,
सगळं माझ्या एका मनगटावर थांबतं.
पण माझ्यासाठी कुणी थांबेल
हे डोक्यातच आलं नव्हतं कधी.

मशीन सुरू झालं.
दुखलं नाही, तरी मी हात वर केला.
खोटाच.
बघावं म्हणून.

मशीन थांबलं.
खाली रस्त्यावर हातगाडीवाला केळ्यांचा भाव ओरडत होता,
तो अख्खा ऐकू आला.
का म्हणून तिनं विचारलं नाही.
मी बोट हलवलं, दोनदा.
तिला ते कसं कळलं कुणास ठाऊक.

नंतर हात पोटावर पडून राहिला,
साप्ताहिक सुट्टी असल्यासारखा.

संध्याकाळची फेरी. अर्धा ओठ परक्याचा.
‘फुडे हरका’ म्हणाले,
कॉलेजची पोरं हसली,
मीही हसले, एका बाजूनं.
तात्यांनी आरशातून विचारलं, झालं?
मी म्हटलं, अजून दोन खेपा आहेत.

येत्या गुरुवारी भीती येणारच.
डेपोतच चढेल, पुढची सीट धरेल,
मांडीवर पिशवी घेऊन खिडकीबाहेर बघत बसेल.
बसू दे.
बाईमाणूस आहे,
तिला अर्धंच तिकीट लागतं.