चार वाजून वीस

आधी हात धुवा. कोरडे करा. मग बसा.
पेनं दप्तरात. टेबलावर फक्त पेन्सिल,
तीही टोकाला जरा बोथट केलेली.
फोटोच्या पाठीवर जोर दिला
की पुढच्या माणसाच्या छातीवर वळ उठतो.

दर शुक्रवारी मी हे असंच म्हणते,
फोर्टातल्या या तिसऱ्या मजल्यावर,
जिथे पंखा लावायला बंदी आहे
आणि गोदीचा भोंगा तेवढा न विचारता आत येतो.

डबा क्रमांक सतरा. ग्रँट रोडचा बंद पडलेला स्टुडिओ.
एकेचाळीस ते चव्वेचाळीस.
बोटीवर चढण्याआधी काढून घेतलेले फोटो, घरी पाठवायला;
या स्टुडिओकडे राहिलेल्या प्रती.
बत्तीस जवान, एकच पडदा:
रंगवलेलं तळं, त्यात हंस, मान जरा मोडल्यासारखी.

दिसतं ते लिहा, मी सांगते.
'शूर' दिसत नाही. 'उदास' दिसत नाही.
जोएल डाबरे खोडतो.
मग काय दिसतं?
डाव्या बुटाची नाडी वेगळी आहे.
टोपी मोठी आहे, कानांवर टेकलीय.
हातानं गुडघा घट्ट धरलाय.
'घट्ट' दिसतं का, मॅडम?
नखं पांढरी पडलीत. दिसतं. राहू दे.

आणि माहीत नसेल तिथे 'अज्ञात' लिहा, लाजू नका.
बत्तीसपैकी एकोणतीस अज्ञात.
हंसाला मात्र सगळ्यांनी ओळखलं.

तेजल तांडेल ससून डॉकजवळून येते,
फारसं बोलत नाही, भिंग घेऊन
कोळंबी निवडावी तसा फोटो निवडत बसते.
तिसऱ्या शुक्रवारी म्हणाली,
सगळ्यांच्या हातात एकच घड्याळ आहे.
एकसारखं?
एकसारखं नाही. एकच. सहाजवळ काचेला तडा आहे.
आणि सगळ्यांचेच चार वाजून वीस.

बत्तीस फोटो ओळीने मांडले.
भिंग या हातातून त्या हातात गेलं.
स्टुडिओचं घड्याळ, बंद पडलेलं,
कंगव्याशेजारी खिळ्याला लटकत असणार.
बसा. हात पुढे. पट्टा शेवटच्या भोकात. हलू नका.
झालं. काढा. पुढचा.

मुलं हसली. मीही हसले असते.

आमच्या गोरेगावच्या घरी, फ्रिजच्या वर,
माझ्या वडिलांचे चुलते आहेत, धाकू. इटलीत राहिले.
राहिले म्हणजे काय, ते घरात कुणी विचारत नाही.
त्यांची पेटी आली तेव्हा
तीत कांबळं होतं, वस्तरा होता, घड्याळ नव्हतं.
फोटोत होतं आणि पेटीत नव्हतं,
आणि पेटी उघडली होती थोरल्यांनी.
एवढ्यावर दोन घरांत दोन पिढ्या
लग्नाची पत्रिका गेली नाही.
बाबा वारले तेव्हा त्या घरचं कुणीतरी
कोपऱ्यापर्यंत येऊन परत गेलं.

त्या रात्री स्टुलावर चढून फोटो उतरवला.
हात धुतले. कोरडे केले.
आधी बूट पाहिले. मग टोपी. मग हंस.
भिंग मनगटाशी न्यायला जरा वेळ लागला.

घड्याळ कुठल्या रकान्यात, मॅडम? तेजलने विचारलं.
वस्तू. मालक: स्टुडिओ.
मालक दिसतो का?
मी गप्प. तिने स्वतःच खोडलं.

कणकवलीच्या चुलतभावाचा नंबर
तीन जणांना विचारून मिळवला.
त्याला मनगट पाठवलं, मोठं करून,
आणि सोबत डबा सतरामधली दोन अनोळखी मनगटं.
खाली काही लिहिलं नाही. माझ्याच नियमाविरुद्ध.

नऊ दिवसांनी उत्तर आलं.
घड्याळाबद्दल एक शब्द नाही.
आमच्याकडेही हाच फोटो आहे, त्यानं लिहिलं होतं,
लहानपणापासून विचारायचं होतं:
मागे तो हंस आहे की बगळा?

शुक्रवारी वर्गात यावर बराच वाद झाला.
शेवटी सगळ्या नोंदी उघडून दुरुस्त केल्या.
पांढरा पक्षी, एक.