तिसऱ्या अंकातला उशीर

धान निघालेल्या बांदीत तणस अंथरलंय,
त्यावर गाव बसलंय, सोयऱ्याधायऱ्यांसकट, घोंगड्या पांघरून.
पडदा दहाला उघडतो. पोरं साडेतीनला मरतात.
सतरा वर्षं मरतायत, मंडई ते होळी.
नट्या बदलल्या, नदीचा पडदा दोनदा नवा रंगवला,
मी तोच आहे : चिठ्ठी नेणारा सोमा.

दिवसा मी राइस मिलमध्ये पट्टे बदलतो.
रात्री कनवटीला एक कागद. त्यात आहे, म्हणे :
आज डोंगा सोडू नकोस, नदी वर चढलीय,
उद्या मीच येते, वरच्या उतारानं.
एवढंच पोचवायचं असतं,
या काठच्या पोरीकडून त्या काठच्या पोराला.

पण वाटेत मोहाची भट्टी लागते.
लेखकानं लिहिलंय, सोमा क्षणभर थांबतो.
क्षणाची चार मिनिटं मी केली, चाराची अकरा.
धोतराचा सोगा, बेडकाची उडी, भट्टीवालीशी लाडीगोडी,
तणसातून शिट्ट्या. वन्स मोर.
मी पुन्हा पितो.
पडद्यामागे पोरगा डोंग्याची दोरी सोडत असतो.

दोष कोणाचा, यावर गावं अजून भांडतात.
बापाचं काम करणाऱ्या तुकडू लांजेवारला
एका घरी बायकांनी चहा दिला नाही.
हेडमास्तर म्हणतात, दोष जातीचा.
भजनीबुवा म्हणतात, विधिलिखित.
प्रॉम्प्टर झिंगर म्हणतो, लिखित त माह्या मांडीवर हाय, पान एक्कावन्न.
मला कोणी काही म्हणत नाही.
मला खर्रा देतात.

पौषात, मोहटोल्याला, एक म्हातारी रंगपेटीपाशी आली.
मी तेलानं तोंड पुसत होतो.
"बापू, तू काहून थांबला रे तिथी?"
म्हटलं, माय, नाटक होय.
"मीबी हासली. सारे हासले त मीबी हासली."
मग पदराची गाठ सोडत, पुन्हा बांधत :
"माह्या लेकीची चिठ्ठी आलती. मले वाचता येत नाई.
बुढा बाजारातून आला का वाचन,
तंवर उंदरं कुरतडतीन म्हनून पायलीखाली झाकली.
मंग जेवनं झाले. मंग लाइन गेली.
सकारी वाचली."
पुढचं तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.
अर्ध्या तोंडाचा रंग तसाच राहिला.

दुसऱ्या रात्री, पुढच्या गावी, मी भट्टीवर थांबलो नाही.
भट्टीवाली लोटा धरून उभी,
झिंगर विंगेतून फुसफुसतोय : बेडूक! बेडूक!
मी धावलो. ऑर्गनवाल्याचा सूर घसरला.
काठावर पोचलो तेव्हा
पोरगा नुकताच बिडी विझवून आलेला,
मला बघून दचकला. त्याच्यापाशी वाक्यच नव्हतं.
सतरा वर्षांत त्याला
जगण्याचं एकही वाक्य कोणी दिलं नव्हतं.

मी चिठ्ठी पुढे केली.
मधे तुकडू आला. त्याची एंट्री नव्हती.
कागद घेतला, न वाचता चार घड्या घातल्या,
कोटाच्या खिशात टाकला,
मिशीवरून हात फिरवला.
तणसातून टाळ्या पडल्या.
पोरं मेली. तीन एकोणीसला,
अकरा मिनिटं लवकर.

पहाटे टेम्पोत तुकडूनं कागद परत दिला.
"नाटक पडलं असतं बे. पन्नास मानसाचं पोट हाय."
आणि शाल ओढून झोपला, बापासारखा घोरत.
मी घड्या उलगडल्या.
धानाच्या काट्याची पावती, गेल्या सालची.
मागची बाजू कोरी.
सतरा वर्षं मी कोरी बाजू घेऊन उशिरा पोचत होतो.

आता मोहटोल्याची सुपारी आलीय पुन्हा, होळीच्या आधी.
पोरं विचारतात, बेडूक करशील ना?
मी ड्रायव्हरकडून पेन मागून घेतलं.
नदी वर चढलीय, इथवर लिहून झालंय.
पुढचं अक्षर धड येत नाही,
रस्ता खराब आहे,
टेम्पो हलतो.