डिटेलसाहेब

नाव डीटहेल्म. तारामुंबरीला ते जड गेलं,
म्हणून डिटेलसाहेब.
खाडीच्या तोंडाशी, भरतीला बुडतं
आणि ओहोटीला उघडं पडतं अशा जागी
त्याने बहात्तर ठोकळे मांडले काँक्रीटचे.
पोटात लोखंडी सळी,
पाठीवर पांढऱ्या रंगात आकडा.

अनशी खवणेकरीण म्हणाली,
"रे मेल्या, दगडांक कित्याक जपतस?"
मी भाषांतर जरा सौम्य केलं:
ती विचारतेय, किती वर्षं.
वीस, तो म्हणाला.

मी तेव्हा बांधकाम खात्यात ओव्हरसियर.
दर अवसेला, उधाणाचं पाणी पार मागे गेलं की
नोंदी घ्यायच्या.

सळीवर काँक्रीट किती जाड हवं,
मीठ आत पोचायला किती वर्षं घेईल,
या एका प्रश्नावर माणसाने केस पिकवले.
तिकडे समितीत पंधराजण
एका आकड्यावर सात वर्षं भांडले,
तो सांगायचा, सुक्या बांगड्याचा काटा काढत.
ते म्हणायचे, पाच मिलिमीटरने काय होतंय?

सतरा नंबरवर कालवं धरली.
अनशीने एका पहाटे कोयतीने खरवडून नेली.
मी घाबरत सांगितलं. त्याने वही उघडली:
क्रमांक १७. कालवं काढली. खाल्ली.
संध्याकाळी तिच्या पडवीत बसून स्वतः खाल्ली,
मग पुढे लिहिलं: चांगली.

नवव्या वर्षी चोपन्न तडकला.
चिरेतून तांबूस ओघळ.
साहेब गुडघाभर चिखलात उभा,
पेपरात ओळखीचं गणित आल्यासारखा.
फुटका उचलू मात्र दिला नाही.
वीस म्हणजे वीस.

पुढे पत्रं यायची, विरळ होत गेली.
शेवटी एक निळी पुस्तिका, जर्मनमधली.
पान एकतीस, तक्ता चार, समुद्रालगतची बांधकामं:
चाळीसच्या जागी पंचावन्न.
नाव कुठेच नाही. त्याचं नाही, गावाचं नाही.
समासात पेन्सिलीने काढलेलं एक कालव.

गेल्या साली जेटीचा स्लॅब पडत होता.
बाबल कुबलाने सळीखाली द्यायचे तुकडे
पंचविसाचे आणले.
मी रिटायर माणूस, छत्री टेकून उभा.
"काका, धा-वीस मिलिमीटरान काय होतला?"

बोललो नाही. त्याला खाली घेऊन गेलो.
अवस होती, पाणी लांब.
कालवांच्या थराखाली चोपन्न सापडायला
अर्धा तास लागला.
बाबलची नवी चप्पल
चिखलात राहिली, ती वेगळीच.